नव्वद मार्कांचा कलकत्ता

रविवार, १२ मे १९७४

आधी आली ती मीनाक्षीची नवी ढाकाई साडी, तिच्यात मीनाक्षी, आणि मागून छत्री काखोटीला मारून श्यामराव दाबके. सकाळी सातला. आमचा चहासुद्धा उकळला नव्हता. मीनाक्षीने पदर दोनदा सावरला, मी बघितलंच नाही. तिसऱ्यांदा सावरल्यावर दया आली, विचारलं, बाई, नवी का गं? तर म्हणे, "भौमिकबाबूंनी दिली. मला बहीण मानतात ना!" भौमिकबाबू म्हणजे जमिनीचा दलाल. त्याला बहीण नसावी असं माझं म्हणणं नाही. पण आम्ही अकरा बिऱ्हाडं, अकरा घरांत बायका, आणि त्याला बहीण सापडली ती नेमकी चिटणिसांच्या घरात. मायाळू माणूस.

चिटणीस म्हणजे श्यामराव. बँकेतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून समाजाच्या सेवेला लागले. समाजाने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं, तरी. कलकत्त्यातल्या अकरा मराठी बिऱ्हाडांनी मिळून बेहालाच्या पलीकडे जमीन घ्यायची, अकरा घरं बांधायची, नाव 'नवी शिवनेरी', अशी योजना. आमच्या रघुनाथाने जन्मभर साठवलेला फंड त्यात घालायचा आहे. त्याला दोन वर्षांत पेन्शन. म्हणतो, "आई, भाड्याच्या घरात जन्मलो, भाड्याच्या घरात मरायचं नाही." मी म्हटलं, खरंच बाबा. मलाही आनंद आहे. स्वतःचं अंगण, तुळस खऱ्या मातीत, नळाला कोणाची बोलणी नाहीत. खूप आनंद आहे. लिहून ठेवते.

तर आज जमीन बघायला गेलो. ट्रामने, मग बसने, मग सायकलरिक्षाने, मग पायी, मग श्यामरावांच्या उत्साहावर. भली मोठी मोकळी जागा. उन्हाने भेगा पडलेली, सपाट. कडेला एक होडी पालथी घातलेली. मी विचारलं, ही कशाला? भौमिकबाबू म्हणाले, "मा, ती बसायला बाक म्हणून आणली आहे." मी बसले. चांगला बाक आहे. जमिनीत शिंपले पण पुष्कळ, ओचा भरून आणले, तुळशीभोवती लावायला.

प्लॉट कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या श्यामरावांनी लिहिल्या, श्यामरावांनी घड्या घातल्या, श्यामरावांनी उचलल्या. कोपऱ्यावरचा, दोन्हीकडे रस्ता असलेला प्लॉट श्यामरावांना निघाला. देव असतो.

बुधवार, १५ मे

वृंदाने तुळशीभोवतालचे शिंपले बघितले आणि विचारलं, "आजी, हे कुठले?" सांगितलं. तेव्हापासून गप्प आहे. वृंदा माझी नात, रघुनाथाची मुलगी, चोविशीची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. ही गप्प झाली की समजावं, कुठेतरी काहीतरी तुंबलंय.

संध्याकाळी श्यामराव आले होते. तिने सरळ विचारलं, "काका, पावसाळ्यात ती जागा कोणी बघितली आहे का?"

श्यामराव हसले. बँकेत कर्ज नाकारताना हसत असतील तसे. "पोरी, तू शाळेत पृथ्वी गोल आहे ते शिकव. जमीन आम्ही बघतो."

"गोल आहे म्हणूनच पाणी खोलगटात जमतं, काका."

"भौमिकबाबू म्हणाले पाणी नाही. म्हणजे नाही."

रघुनाथ वर्तमानपत्रात शिरला. माझा मुलगा फार भला आहे. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली, एकदाही कोणाला 'नाही' म्हणाला नाही, त्यामुळे सगळे त्याला 'हो' म्हणायला लावतात. सूनबाई, म्हणजे नलिनी, तिने शंभरदा त्याला सांगितलं की आधी चौकशी करा. ती सांगते, तो मान हलवतो. छान संसार आहे.

सरोजिनीला सांगितलं. सरोजिनी आमची घरमालकीण, खालच्या मजल्यावर राहते. मी बागबाजारात सून म्हणून आले तेव्हा पंधराची होते, ती माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. अठ्ठावन्न वर्षं आम्ही भांडतोय. ती मला 'बर्गी' म्हणते. बर्गी म्हणजे आपले मराठे घोडेस्वार, दोनशे वर्षांपूर्वी इथे लुटायला यायचे. आमच्या भीतीने यांनी शहराभोवती खंदक खणला, तो इथूनच, बागबाजारातून सुरू व्हायचा. मग बुजवून त्याचा रस्ता केला. म्हणजे आम्हाला अडवायला यांनी पाणी केलं, आणि आता आमचे श्यामराव आपण होऊन...पण तिथे पाणी नाही म्हणतात. असो.

सरोजिनी म्हणाली, "जा बाई, जा. वर पाय न आपटणारं कोणीतरी येईल. सुटले मी."

मी म्हटलं, मीही सुटले, तुझ्या मोहरीच्या तेलाच्या वासातून.

एकमेकींना एवढं बरं वाटलेलं बघून मलाच बरं वाटलं.

मंगळवार, ४ जून

नवीन प्रकार. वृंदाने अमेरिकन वाचनालयात कुठल्याशा मासिकात वाचलं की अमेरिकेने आकाशात एक यंत्र सोडलंय, ते पृथ्वीभोवती फिरतं आणि खालचे फोटो काढतं. दर अठरा दिवसांनी त्याच जागेवरून जातं, आमच्या धोब्याहून नियमित. आणि त्यातला कुठलाही फोटो जगातल्या कोणालाही विकत मिळतो! फक्त राजाला नाही, फक्त लष्कराला नाही, कोणालाही. भाजीसारखा. पत्र टाकायचं, यादी मागवायची, यादीतला फोटो निवडायचा, पैसे पाठवायचे, टपालाने घरी.

मी विचारलं, मग मी मागितला तरी देतील? म्हणाली, "हो आजी, ते शिक्षण विचारत नाहीत." चांगले लोक आहेत. माझं शिक्षण मराठी तिसरी, आणि तिसरीतही गुरुजी निम्मं वर्ष आजारी होते.

वृंदाचं म्हणणं असं की पाणी त्या फोटोत काळंभोर दिसतं. तेव्हा आपल्या जागेचा फोटो घ्यावा म्हणजे संशय फिटेल.

रघुनाथाचा चेहरा पांढरा. "आकाशातून फोटो? सरकारी नोकर आहे मी! लष्करी गुपित निघालं तर?"

मी म्हटलं, अरे, आकाशातून बघितलं तर तुझी नोकरी दिसेल एवढी मोठी आहे का ती?

गंमत म्हणजे श्यामरावांना कल्पना पसंत पडली. फोटोसाठी नव्हे, चौकटीसाठी. अमेरिकेतून आलेला फोटो संस्थेच्या कचेरीत भिंतीवर लावायचा, खाली लिहायचं, 'नवी शिवनेरी, अंतराळातून'. कचेरी म्हणजे त्यांची बैठकीची खोली. वृंदाने यादीसाठी पत्र टाकलं.

शनिवार, १३ जुलै

यादी आली. बाई गं, काय कागद! हातभर लांब, दोन्ही काठांना सुईने टोचल्यासारखी भोकं, आणि आकडेच आकडे. जणू नवग्रहांची कुंडली. यंत्र कलकत्त्यावरून कुठल्या कुठल्या तारखांना गेलं त्याची हजेरी, आणि प्रत्येक तारखेसमोर शेवटी एक आकडा: ९०, ७०, ४०, १०. या आकड्याचा अर्थ सांगणारा कागद पाकिटात असायचा होता, तो नव्हता. पाकीट वाटेत कोणीतरी उघडून भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलं होतं. वाचून आनंद झाला असेल त्याला.

वृंदा म्हणाली, "शेवटच्या आकड्याचा अर्थ विचारून घेऊ, मग मागवू. महिनाच लागेल."

रविवार, १४ जुलै

सभा. अकराच्या अकरा बिऱ्हाडांचे पुरुष आमच्या दिवाणखान्यात, आणि बायका स्वयंपाकघरात, जिथून जास्त चांगलं ऐकू येतं.

आमच्या माणसांना आकडा दाखवावा आणि त्यांना मार्क दिसावेत, यात नवल नाही. श्यामरावांनी कागद चष्म्याजवळ धरला, लांब धरला, आणि जाहीर केलं, "नव्वद! डिस्टिंक्शन!"

वृंदा म्हणाली, "काका, ते मार्क असतील असं कशावरून?"

"मग काय ताप असेल? आमचा श्रीकांत मॅट्रिकला ब्याऐंशी टक्क्यांवर होता, आम्ही पेढे वाटले. हा नव्वद आहे! आणि हा बघा, दहा! दहा मार्कांचा फोटो कोणी काढला आणि कोणी विकायला ठेवला!"

"पण अर्थ कळल्याशिवाय..."

"वृंदाताई, मराठी संस्था आहे ही. तृतीय श्रेणीचा माल आपण घेत नसतो."

हात वर करून मतं घेतली. नव्वदच्या बाजूने दहा. रघुनाथाचा हात आधी वर नव्हता, मग श्यामरावांनी बघितलं, मग होता. वृंदाचा हात मोजलाच नाही, कारण ती सभासद नाही, सभासदाची मुलगी आहे. ती आत आली आणि पोळ्या लाटायला बसली. तिने लाटलेली पोळी त्या दिवशी कोणालाच चावली नाही.

मी विचार केला. माझा एक साधा नियम आहे, आयुष्यात कधी चुकला नाही: श्यामराव डावीकडे म्हणाले की उजवीकडे वळावं. ह्यांच्या हयातीत श्यामरावांनी सुचवलेला डॉक्टर, श्यामरावांनी सुचवलेलं स्थळ, श्यामरावांनी सुचवलेला पंखा. तिन्ही फिरले नाहीत.

फोटोचे पैसे अमेरिकेतच भरायचे म्हणून काम दिगंबरकडे. दिगंबर माझ्या भावाचा मुलगा, तीनदा मॅट्रिक नापास झाला, बोटीवर पळाला, आता तिकडे मोटारींचे दरवाजे बसवतो आणि माझ्या भावाच्या सगळ्या हुशार मुलांना पैसे पाठवतो. श्यामरावांचं इंग्रजी पत्र त्याला गेलंच. दुपारी सगळे झोपल्यावर मी माझं एक टाकलं: "चि. दिगंबरास अनेक आशीर्वाद. श्यामराव म्हणतील तो नव्वदवाला घेच. सोबत शेवटच्या बाकावरचा दहावालाही घे, सगळ्यात मोठा छापून, आणि माझ्या नावाने पाठव. पैसे तूच भर, बापाच्या वतीने राखीची ओवाळणी समज. आणि त्या आकड्यांचा अर्थ काय ते तिथल्या लोकांना विचार. तुला नापासांची कदर असेल म्हणून लिहिते."

पोस्टात सरोजिनीचा नातू गेला. तिला विचारलं नाही, त्यालाच हाक मारली. ती हल्ली वर येत नाही. गुडघे म्हणते. गुडघे तर तिचे तीस वर्षं दुखताहेत, पण ते तिला जिन्याने वर आणायचे.

सोमवार, १२ ऑगस्ट

नव्वदवाला आला!

श्यामरावांनी स्वतः पोस्टातून सोडवून आणला, हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. मधोमध उभे राहून नळकांडं उघडलं, कागद उलगडला. पांढरा. वरपासून खालपर्यंत पांढरा, मध्ये मध्ये राखाडी फुगे. गादी पिंजायला घातलेला कापूस असतो, तसा.

मीनाक्षी म्हणाली, "छान स्वच्छ आहे."

रघुनाथ म्हणाला, "कलकत्ता कुठे आहे?"

वृंदा हसू दाबत म्हणाली, "बाबा, हे ढग आहेत. त्या आकड्याचा अर्थ ढग असणार. शंभरातले नव्वद भाग ढग."

कोणाला वाटेल श्यामराव खचले असतील. मीही तशी आशा धरली होती. पण बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. दोन मिनिटं कापूस न्याहाळला आणि म्हणाले, "पाणी काळं दिसतं ना? मग दाखवा काळं! एक ठिपका दाखवा! अमेरिकेच्या यंत्राने लेखी दिलंय, पाणी नाही!"

आणि सभासदांनी माना डोलावल्या. माझ्या मुलानेसुद्धा. रजिस्ट्री एकवीस तारखेला ठरली. उरलेले सगळे पैसे त्याच दिवशी भौमिकबाबूंना. रघुनाथ उद्या फंड काढायचा अर्ज देणार. वृंदा आतल्या खोलीत जाऊन बसली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "आजी, एकदा पैसे गेले की बाबांकडे काही उरणार नाही."

माझा दहावाला अजून आला नाही. नापासांना उशीर होतोच.

मंगळवार, १३ ऑगस्ट

आज मी चिटणिसांच्या घरी गेले, आपल्या पायांनी. मीनाक्षीला म्हटलं, अगं, अठरापासून अधिक महिना लागतोय, भाद्रपद अधिक! धोंड्याच्या महिन्यात जागेचा व्यवहार? घराचा पाया घालायचा आणि तो मलमासात? माझ्या मावसबहिणीच्या दिराने घेतली होती, सहा महिन्यांत...आणि पुढे बोलले नाही. पुढे बोलायला काही नव्हतंच, मावसबहिणीला दीर नव्हता. पण बोलणं अर्धं सोडलं की ते दुप्पट लांब जातं.

मीनाक्षी ताडकन उठली. संध्याकाळपर्यंत अकराही घरांतल्या बायकांना अधिक महिना आठवला. नलिनीने तर रघुनाथाला पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं, "धोंड्यात सही कराल तर जावई कुठून मिळणार मुलीला?" श्यामराव म्हणाले, हा अंधविश्वास आहे, आपण विज्ञानयुगात आहोत, भिंतीवर अंतराळ लावलंय आपण. मीनाक्षी म्हणाली, "मग अंतराळातच जेवा."

रजिस्ट्री पुढे ढकलली. आता गणेशचतुर्थीला, १९ सप्टेंबर.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काही आलं नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता लांबूनच हात हलवतो. पंधरा दिवसांवर चतुर्थी. मनात येतं, कशाला पडले मी यात? नसेल तिथे पाणी. असेल कोरडी जमीन, सुखाने राहू. मग वाटतं, कोरडीच असावी का? हा प्रश्न वाचून मलाच कळेना मी काय विचारलं, म्हणून पुढे लिहीत नाही.

दुपारी खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. आमची खूण आहे, सरोजिनी काठी ठोकते, मी जाते. मी धावत गेले. ती म्हणाली, मी नाही, उंदीर मारत होते. बरं म्हटलं. मग तासभर बसले. उंदीर दिसला नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

दहावाला आला, दहावाला आला!

नळकांडं माझ्या नावाचं. श्रीमती... आणि पुढे माझं नाव अमेरिकेच्या टाइपाने. पोस्टमनने दोनदा विचारलं, तुम्हीच का? मी म्हटलं, अमेरिकेत मला ओळखतात. सोबत दिगंबरचं पत्र आणि तो कागद: शेवटचा आकडा म्हणजे शंभरातले ढग किती. दहा म्हणजे नव्वद भाग आकाश स्वच्छ. आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत, शेवटच्या बाकावरच्याला सगळा वर्ग दिसतो. म्हणत नसतील तर आता म्हणावं.

नलिनीने जेवणाचा टेबलक्लॉथ काढला आणि आम्ही तिघींनी कलकत्ता पसरला. काय सांगू! काळा-पांढराच, पण काय सुंदर! गंगा म्हणजे काजळाची रेघ, वेणीसारखी वळत गेलेली. शहर म्हणजे राखाडी भस्म. वृंदा म्हणाली जानेवारीतला आहे, ऐन थंडीतला. मी विचारलं, आपण कुठे? तिने माझ्याच सुईचं टोक ठेवलं, "इथे, बागबाजार." मी भिंग घेऊन बघितलं. माझं घर, माझा जिना, सरोजिनीचं मोहरीचं तेल, अठ्ठावन्न वर्षं, सगळं त्या टोकाखाली. सरोजिनी आणि मी एकाच टोकाखाली. सुई उचलली तरी दोघी वेगळ्या होईनात.

मग काम. वृंदाने जुना नकाशा आणला, माझ्या शिवणाच्या डब्यातले दोन दोरे घेतले, एक तांबडा, एक हिरवा. नकाशावरून मापं काढून तांबडा दोरा गार्डन रीचच्या नदीच्या वळणापासून धरला, हिरवा ढाकुरियाच्या तळ्यापासून. ढाकुरियाचं तळं तिळाएवढं, काळं. दोन दोऱ्यांची टोकं जिथे भेटतील तिथे नवी शिवनेरी.

भेटली.

मसुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका. तिळाहून चांगला तिप्पट-चौपट. दोऱ्यांची टोकं त्याच्या बरोबर मधे.

वृंदा म्हणाली, "आई, बाबांचा अर्ज!"

नलिनी पदर खोचून बाहेर पडली. रघुनाथाच्या कचेरीत ती आज पहिल्यांदा गेली. अर्ज साहेबाच्या टेबलावरून परत आणला. काय बोलली ते दोघंही सांगत नाहीत. पण रघुनाथ आज तिला दोनदा 'बरोबर आहे' म्हणाला, दोन्ही वेळा तिने काही विचारलं नव्हतं.

रविवार, १५ सप्टेंबर

सभा. मी या वेळी दिवाणखान्यात बसले, मधोमध, कारण फोटो माझ्या नावाचा आहे. एक-दोघांनी घसा खाकरला. मीही खाकरला.

वृंदाने दोरे लावून दाखवले. श्यामरावांनी भिंग घेतलं, बराच वेळ वाकून राहिले, आणि सरळ होऊन म्हणाले, "ही माशीची घाण आहे."

"काका, छापलेलं आहे ते."

"वाटेत बसली असेल माशी. अमेरिकेतून येतो कागद, माश्या काय कमी आहेत?"

मी उठले. बोट जिभेला लावलं आणि ठिपका खसाखसा घासला. वृंदा किंचाळली, "आजी, फोटो!" मी म्हटलं, थांब गं. पुसला गेला नाही. मी सगळ्यांना बोट दाखवलं, कोरं. म्हटलं, श्यामराव, अठ्ठावन्न वर्षं मी या घरातले आरसे पुसते आहे. मला माशी शिकवू नका.

कोणीतरी हसलं. मग सगळेच. मग रघुनाथ उभा राहिला. माझा रघुनाथ! म्हणाला, "आत्ता जाऊन बघू या. पाऊस आहे, तोच बरा."

सगळे निघालो. ट्राम, बस, सायकलरिक्षा. पुढे पायी जायचं होतं, पण पाय ठेवायला काही नव्हतं. क्षितिजापर्यंत पाणी. त्यावर कमळं, बदकं, आणि एक माणूस होडी वल्हवत होता. माझा बाक! मी लगेच ओळखला. आता सरळ होता आणि चालत होता.

श्यामराव छत्री धरून उभे. नावाडी जवळ आला, म्हणाला, "प्लॉटवर जायचं का बाबू? नंबर सांगा. मागच्या वर्षी एक मद्रासी मंडळी आली होती, त्यांनाही नेलं होतं. वैशाखात सुकतं दीड महिना, बाकी वर्षभर मासे छान मिळतात."

मी म्हटलं, यांना कोपऱ्यावरच्या प्लॉटवर ने हो. दोन्हीकडे रस्ता आहे.

रघुनाथ म्हणाला, "शिवनेरी नाही आई, हा जंजिरा निघाला." माझा मुलगा विनोद करतो हे मला आज पन्नाशीपुढे कळलं, त्याच्या.

भौमिकबाबूंच्या घराला कुलूप. बहिणीला न सांगता गेला. बयाणा बुडाला, आणि बुडायला जागाही तिथे भरपूर होती. पण फंड वाचला, अकराही घरांचा. परत येताना श्यामराव वृंदाशेजारी बसले होते. म्हणाले, "वृंदाताई, पृथ्वी गोल आहे हे बरोबर शिकवता तुम्ही." 'तुम्ही' म्हणाले. मी मागच्या बाकावर होते, सगळं ऐकू आलं.

सरोजिनीला जाऊन सांगितलं, जागा पाण्यात. ती भाजी चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "खंदक आमच्या कामाचा निघाला म्हणायचा, बर्गी." आणि तिने चिरलेला दुधी मोजला नाही, सगळाच माझ्याकडे दिला. आमच्याकडे दुधी कोणाला आवडत नाही. सगळा खाल्ला.

रविवार, २७ ऑक्टोबर

परवा यांची दशमी झाली, आमचा दसरा. सकाळी सरोजिनी वर आली. जिन्याने. नारळाचे लाडू घेऊन, बिजयाची, म्हणजे दशमीनंतरची, गळाभेट द्यायला. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणे, बरे झाले. अष्टमीपासून म्हणे. देवी पावली असेल. मी आपट्याची पानं दिली, ती म्हणाली, "बर्गी लोक लुटून नेतात सोनं आणि देतात पाला." मग ती उन्हात बसली आणि मी तिची वेणी घातली, केस किती उरलेत म्हणून रडत होती. मला अठरा माणसांचं काम टाकून बसायला लावते ही बाई.

तेवढ्यात आधी आले श्यामराव, मागून मीनाक्षी, साधी साडी. पानं दिली, नमस्कार केला. मग श्यामरावांनी खिशातून कागद काढला.

नवी जागा. बराकपूरला, नदीच्या वरच्या अंगाला, छावणीजवळ. "या खेपेला पद्धतशीर, काकू. समितीवर वृंदाताई. आधी फोटो, मग बयाणा." आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या त्या दहावाल्या फोटोत बराकपूर येतं का?"

आता, तो फोटो माझ्या ट्रंकेत असतो. मागच्या महिन्यात दुपारी एकटी असताना मी तो तीन वेळा काढून पसरला होता, तांबडा दोरा घेऊन. दोरा धरायचा कसा ते मला येतं. बागबाजारावरून वर वर, नदीच्या कडेकडेने, बराकपूर येतंच. स्वच्छ. भस्मासारखं कोरडं. डाळ नाही, तीळ नाही, मोहरी नाही. अंगण होईल, तुळस होईल.

सरोजिनी बसली होती. अर्धी वेणी माझ्या हातात. तिला मराठी येत नाही, पण बराकपूर हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच आहे.

मी म्हटलं, नाही हो श्यामराव. तो फोटो बागबाजारला संपतो.

वृंदा दारात उभी होती. माझ्याकडे बघितलं, मग सरोजिनीकडे, मग माझ्या हातातल्या वेणीकडे. चांगली शिकलेली मुलगी आहे, भूगोलात पहिली आली होती. म्हणाली, "हो काका. आजी म्हणते तर संपतच असेल. वेगळा मागवावा लागेल."

श्यामराव म्हणाले, "मग काकू, दिगंबरला तुम्हीच लिहा. तुमचा हात चांगला आहे. या वेळी आम्ही मार्कांत पडणार नाही."

आत्ताच लिहिलं: "चि. दिगंबरास अनेक आशीर्वाद. आणखी एक फोटो हवा आहे, बराकपूरचा. या खेपेला नव्वदवाला पाठव. पंच्याण्णवचा मिळाला तर उत्तम. घाई नाही."

श्यामराव आणि मीनाक्षी फोटो बघायला १५ डिसेंबरला परत येणार आहेत, रविवारी, चारच्या सुमाराला. साबुदाणा भिजवायचा. सरोजिनीलाही वर बोलवायचं.